रक्ताला घातलेला बांध

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण)



वर्धापनदिनाला व्याख्यान द्यावे असे पत्र मला आले तेव्हा विषयाच्या जागी फक्त 'स्त्रियांचे आरोग्य' एवढेच लिहिलेले होते. हा विषय फार मोठा. त्यात आहार येतो, हिमोग्लोबिन येते, गुडघे येतात, सुनेच्या डोहाळ्यांपासून सासूच्या साखरेपर्यंत सारेच येते. त्यावर बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत व ती चांगले बोलतात. मी जन्मभर भूल देण्याचे काम केले. शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या उशाशी बसून रोग्याचा रक्तदाब, नाडी आणि श्वास यांवर डोळा ठेवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा ज्यातले आपल्याला कळते तेच बोलावे हे बरे. आज मी वाहत्या रक्ताविषयी बोलणार आहे. ते थांबवण्याकरिता मोठ्या धमनीत घालावयाच्या एका फुग्याविषयी, आणि तो फुगा आपण होऊन कमीजास्त करणाऱ्या एका यंत्राविषयी. विषय ऐकून कुणी बिचकू नये. ज्या भगिनीने कधी रक्तदाब मोजून घेतला आहे तिला यातले अर्धे आधीच ठाऊक आहे.

ते कसे ते पाहा. दंडाला पट्टा बांधतात व त्यात हवा भरतात. पट्टा आवळला की दंडातील धमनी दाबली जाते आणि काही क्षण पुढे हातात रक्त जाणेच बंद होते. मग हवा हळूहळू सोडतात. रक्त दाबल्या वाटेतून पुढे सरकू लागले की नळीतून आवाज ऐकू येतो, तो वरचा दाब. आवाज नाहीसा झाला की तो खालचा. यातली पट्ट्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांची, १८९६ सालची. आवाज ऐकण्याची रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांची, १९०५ ची. आमच्या उमेदवारीच्या काळी रबरी गोळा मुठीत दाबून हवा भरावी लागे आणि बारीक किल्ली फिरवून सोडावी लागे. एकदम सोडली तर काहीच मोजता येत नसे. आता घराघरांतून जे छोटे यंत्र दिसते ते बटण दाबताच स्वतः फुगते, स्वतः मोजते आणि स्वतःच सैल होते. म्हणजे रक्त अडवणे, मोजणे आणि बेताने सोडणे ही तिन्ही कामे यंत्र करू शकते हे आपण नित्य पाहतो. आजचा विषय हाच आहे. फरक इतकाच की पट्टा दंडाच्या बाहेर असतो, आणि मी सांगते तो फुगा शरीरातील सर्वांत मोठ्या धमनीच्या आत.

पण आधी रक्त जाते म्हणजे काय होते ते सांगितले पाहिजे. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण तीन ते साडेतीन लिटर रक्त असते. गरोदरपणात ते जवळजवळ दीडपट होते. निसर्गाने ती शिल्लक बाळंतपणासाठीच टाकलेली असते. परंतु खर्चाचे तोंडही तेवढेच मोठे. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जाते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही तर हे रक्त कोठे जाईल याचा हिशेब आपणच करा. दहा मिनिटांत काय होऊ शकते हे सांगायला डॉक्टर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना बाळंतपणानंतर असा अतिरक्तस्राव होतो आणि त्यातल्या सुमारे ७० हजार दगावतात. आपल्या देशात २०१८ ते २०२० या काळाच्या नोंदीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता गेल्या; महाराष्ट्रात ३३. आपला आकडा देशाच्या मानाने बरा आहे, आणि तो बरा झाला त्यात आपल्या परिचारिकांचे व आशाताईंचे मोठे श्रेय आहे. पण त्या ३३ मध्ये जिची लेक असते तिला या तुलनेचे काय?

आता रक्त थांबवण्याचा जो सर्वांत जुना व बिनखर्चाचा उपाय आहे तो सांगते. तो म्हणजे मूठ. हृदयापासून निघालेली महाधमनी छातीतून खाली उतरते आणि पोटात पाठीच्या कण्याला लागून चालते. नाभीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात व एकेक पायात जातो. बाळंतिणीचे पोट नुकतेच सैल झालेले असते. नाभीच्या किंचित वर आणि किंचित डावीकडे बंद मूठ ठेवून, हात ताठ करून, अंगाचा भार सरळ खाली दिला तर महाधमनी मूठ आणि कणा यांच्यामध्ये चेपली जाते. दुसऱ्या हाताची बोटे जांघेत ठेवावयाची. तेथली नाडी लागेनाशी झाली म्हणजे दाब पुरेसा आहे, लागत असेल तर अपुरा आहे. गाडी येईपर्यंत, रक्ताची पिशवी येईपर्यंत, शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत या मुठीने वेळ मिळतो. हा उपाय आजही प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. त्यातली अडचण एकच, माणसाचा हात थकतो. खडबडीत रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत तर पाच मिनिटांत खांदे भरून येतात.

मुठीचेच काम आतून करावे ही कल्पना युद्धात सुचली. कोरियाच्या लढाईत पोटात गोळी वा तोफेचा तुकडा लागलेले सैनिक टेबलावर येईपर्यंत जात असत. जखम आत, तेथे पट्टी बांधता येत नाही, दोरी आवळता येत नाही. अमेरिकन लष्करातील शल्यविशारद कार्ल ह्यूज यांनी अशा अखेरच्या अवस्थेतील जखमींच्या महाधमनीत नळी सरकवून तिच्या टोकाचा फुगा फुगवला आणि १९५४ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. ते जखमी वाचले नाहीत. परंतु बंद पडत आलेला रक्तदाब फुगा फुगताच वर आला, ही गोष्ट नोंदली गेली. पुढे अनेक वर्षे ही युक्ती कपाटात पडून राहिली असेच म्हणावे लागेल. चांगल्या बारीक नळ्या नव्हत्या, आणि आत फुगा कोठे आहे हे पाहण्याची सोयही सहज नव्हती. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांच्या काळात, २०११ च्या सुमारास, लष्करी डॉक्टरांनी ती पुन्हा बाहेर काढली. २०१४ साली लंडनच्या हवाई रुग्णसेवेच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या एका माणसाला रुग्णालयात नेण्यापूर्वीच, पडल्या जागी, असा फुगा घातला.

कृती सांगावयास सोपी आहे. जांघेतील धमनीत सुई घालून तिच्या वाटेने नळी आत सरकवतात. हल्लीच्या नळ्या अडीच मिलिमीटरहूनही बारीक असतात. आपल्या स्वेटर विणावयाच्या बारीक सुईएवढ्या. रक्त पोटातल्या यकृत-प्लीहेतून जात असेल तर फुगा वर छातीत न्यावयाचा. ओटीपोटातून जात असेल तर नाभीजवळ, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली थांबवावयाचा. मग पिचकारीने त्यात मिठाचे पाणी भरावयाचे. वरच्या जागी आठ-दहा मिलिलिटर लागते, खालच्या जागी त्याहून बरेच कमी. चहाच्या एकदोन चमच्यांएवढ्या पाण्याने माणसाचे अर्धे शरीर रक्तावाचून बंद होते.

येथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. खरी अडचण पुढे येते आणि ती माझ्या बाजूच्या लोकांची आहे. फुगा फुगला की हृदयातून निघालेले सारे रक्त वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे डोके, हात आणि स्वतः हृदय यांतच फिरू लागते. ७० वर आलेला दाब पाहता पाहता १५०, कधी १८० पर्यंत चढतो. अशक्त हृदयाला हा जोर सोसत नाही. डोक्याला मार असेल तर मेंदूला सूज येते. तिकडे फुग्याच्या खाली आतडी, मूत्रपिंडे आणि पाय उपाशी. ही उपासमार किती वेळ चालावी याला फार कडक मर्यादा आहे. वरच्या जागी फुगा असेल तर साधारण अर्धा तास आणि खालच्या जागी असेल तर एक तास, असा जाणकारांचा सल्ला असतो. तेवढ्यात जखम शोधून बांधून झाली पाहिजे. रक्त थांबले म्हणून हुश्श करून बसण्याची सोय नाही, फुगा फुगताच घड्याळ सुरू होते.

आणि त्याहून वाईट क्षण फुगा सोडण्याचा. आपण सत्यनारायणाला मांडी घालून दीड तास बसतो आणि उठताना पाय बधिर झालेला असतो. पाय पसरला की रक्त परत येते आणि मग ज्या मुंग्या येतात त्या ठाऊक आहेतच. बसलेले असताना काही दुखत नव्हते, दुखते ते रक्त परत येताना. तेथे फक्त एक पाय व थोडा वेळ असतो. येथे अर्धे शरीर अर्धा तास उपाशी असते. त्या काळात पेशींनी साठवलेले आम्ल आणि पोटॅशियम, फुगा सोडताच, लोंढ्यासारखे हृदयाकडे येते. सैलावलेल्या वाहिन्या रक्त ओढून घेतात व वरचा दाब एकदम कोसळतो. कधी कधी हृदय थांबते. निर्जळी एकादशी कडक पाळावी आणि द्वादशीला उठल्याबरोबर पुरणपोळीवर ताव मारावा, तसा हा प्रकार. आपल्या आज्या उपास सोडावयाला आधी घोटभर पाणी, मग थोडे ताक, मग भात देत. शहाणपण उपास करण्यापेक्षा सोडण्यात अधिक लागते हे त्यांना पक्के माहीत होते.

शस्त्रक्रियागृहात हे सोडण्याचे काम दोन माणसे मिळून करतात. फुगा नव्हता तेव्हापासून करतात. पोट उघडून महाधमनीला चिमटा लावावयाचा आणि दुरुस्ती झाली की तो काढावयाचा, ही शस्त्रक्रिया मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. एक साठी उलटलेले गृहस्थ होते. त्यांची महाधमनी फुगून फाटली होती. शिवण झाली आणि शल्यविशारद पडद्यापलीकडून म्हणाले, "बाई, सोडू का?" मी रक्ताच्या दोन पिशव्या चढवून घेतल्या होत्या. म्हटले, "थोडे सोडा." दाब १२० वरून ९० वर आला. "थांबा, डॉक्टर." त्यांनी चिमटा पुन्हा जरा आवळला. आम्ही आणखी रक्त दिले, दाब १०५ झाला. "आता सोडा." पुन्हा खाली. "थांबा." असे आमचे बारा-तेरा मिनिटे चालले. चिमटा तसूतसूने सैल होत गेला व अखेर हाती आला. सारा वेळ दोन शब्दांखेरीज आम्ही काही बोललो नाही. ते गृहस्थ पुढे बरे झाले आणि दोन उन्हाळे त्यांनी आंब्याची पेटी पाठवली. मी हे सांगते ते आंब्यांसाठी नव्हे. 'सोडा' आणि 'थांबा' हे संभाषणच रोग्याला वाचवते हे ध्यानात यावे म्हणून. एकाच्या डोळ्यांपुढे दाब असतो आणि दुसऱ्याच्या हातात चिमटा. दोघांचे एकमेकांशी जमले नाही तर कितीही उत्तम शिवण वाया जाते.

मग फुगा पूर्ण न सोडता अर्धवट फुगवून ठेवावा, थोडे रक्त खाली जाऊ द्यावे, म्हणजे वर फार ताण नको व खाली उपासमार नको, असे कुणालाही सुचेल. डॉक्टरांनाही ते सुचले. पण हाताने ते साधेना. याचे कारण समजण्यासाठी आपल्या मोरीतला जुना नळ आठवा. त्याची चावी चांगली दोनतीन फेरे फिरते, परंतु पाणी कमीजास्त होते ते शेवटच्या पाव फेऱ्यात; बाकी सारे फिरवणे व्यर्थ. फुग्याचेही तसेच आहे. त्यातले पाणी कितीतरी कमी करेपर्यंत खाली थेंबही जात नाही, आणि मग मिलिलिटरच्या काही अंशांच्या आत एकदम धो धो सुरू होते. पिचकारीच्या दट्ट्याला अंगठा जरा जास्त लागला की संपले. त्यात भर अशी की ही जागा स्थिर राहत नाही. रोग्याला रक्त चढवले, दाब वाढला, की महाधमनी रुंदावते आणि मघाशी जो फुगा बेताचा होता तो आता अपुरा पडतो. दाब उतरला की ती आकसते आणि तोच फुगा पुन्हा वाट बंद करतो. म्हणजे एकदा बसवून दिले आणि झाले असे नाही, क्षणोक्षणी हात लावत राहिले पाहिजे. रात्रीच्या दोन वाजता, चौघांची धावपळ चालू असता, एका माणसाने पिचकारीवर अंगठा ठेवून तासभर डोळे न हलवता बसावे ही अपेक्षा फार झाली.

म्हणून यंत्र आले. कॅलिफोर्नियातील ट्रॅव्हिस येथील हवाई दलाचे रुग्णालय आणि डेव्हिस येथील विद्यापीठ यांतील शल्यविशारदांनी केलेले प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या व्यवस्थेत दाब दोन ठिकाणी मोजतात, फुग्याच्या वर आणि फुग्याच्या खाली. दोन्ही आकडे क्षणाक्षणाला संगणकाकडे जातात. संगणकाला सांगून ठेवलेले असते की वरचा दाब अमुक ते अमुक यांच्यामध्ये राहिला पाहिजे. त्याच्या हुकमाप्रमाणे एक मोटार पिचकारीचा दट्ट्या पुढेमागे सरकवते, आणि तो सरकणे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात मोजले जाते. दाब उतरला, फुगा रतीभर फुगला. दाब चढला, रतीभर सैल झाला. थोडक्यात, पडद्याच्या अलीकडची मी आणि पलीकडचे डॉक्टर दोघांनाही या पेटीत बसवले आहे, आणि आमचे 'सोडा' आणि 'थांबा' एका मिनिटात कितीतरी वेळा होते.

यात आणखी एक बारकावा आहे तो मला फार आवडला. खाली रक्त अगदीच न देण्यापेक्षा थोडे, कमी दाबाने, द्यावयाचे. जोराने दिले तर जखमेवर नुकतीच धरू लागलेली गुठळी वाहून जाईल. मुळीच दिले नाही तर आतडी मरतील. या दोहोंमध्ये एक अरुंद पायवाट असते, आणि त्या पायवाटेवर थकल्यावाचून चालत राहणे हे यंत्राला जमते. डुकरांवर केलेल्या त्या प्रयोगांत, पूर्ण बंद फुग्याच्या मानाने, यंत्राने चालवलेल्या फुग्याच्या प्राण्यांच्या रक्तात आम्ल कमी साठले, आणि नंतर त्यांना सावरण्यासाठी सलाईन व औषधेही कमी लागली. डुकराचे नाव ऐकून समोर काही चेहरे आक्रसले ते मी पाहिले. पण त्याचे हृदय व रक्तवाहिन्या आकाराने आपल्यासारख्या असतात, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची औषधे आधी कुठल्या तरी मुक्या जनावराने सोसलेली असतात, हे विसरून चालत नाही.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुम्हांला फसवल्यासारखे होईल. फुगा खरोखर जीव वाचवतो का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये अपघाताच्या मोठ्या रुग्णालयांतून रीतसर परीक्षा घेण्यात आली. तिचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. भयंकर रक्त जात असलेले ९० रोगी होते. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निम्म्यांच्या वाट्याला नेहमीचे उपचार व फुगा आणि निम्म्यांच्या वाट्याला नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनी पाहिले तो फुग्याच्या बाजूचे ५४ टक्के रोगी गेले होते आणि दुसऱ्या बाजूचे ४२ टक्के. परीक्षा वेळेआधीच थांबवावी लागली. इतक्या थोड्या रोग्यांवरून ठाम बोलता येत नाही हे खरे, पण फुग्याने भले केले असे म्हणावयाला आधार मिळाला नाही हेही तितकेच खरे.

यावर यंत्राचे कैवारी म्हणतात की ते फुगे हाताने चालवलेले होते. यंत्र असते तर निकाल निराळा लागता. मला हे अर्धेच पटते. यंत्र सोडण्याचे काम उत्तम करील यात शंका नाही. परंतु फुगा घालावयाला जी मिनिटे लागतात ती यंत्र परत देत नाही. दाब पडला की जांघेतील धमनी दोरीसारखी बारीक होते, सुई लागता लागत नाही, आणि तेवढा वेळ रोगी टेबलाकडे जाण्याऐवजी खाटेवरच राहतो. रक्त वाहून जात असताना सुई शोधण्यात गेलेली दहा मिनिटे कोणता संगणक भरून काढणार?

म्हणून माझे मत असे आहे की या यंत्राचे खरे स्थान रस्त्यावरच्या अपघातापेक्षा जेथे रक्त जाणार हे आधीच ठाऊक असते तेथे अधिक आहे. आणि अशी जागा बायकांच्या आजारात आहे. सिझेरियन हल्ली किती वाढले आहे ते आपण पाहतोच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १७.२ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली, २०१९-२१ च्या पाहणीत २१.५ टक्के. पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण गर्भाशयावर राहतो. पुढच्या खेपेस वार नेमकी त्या व्रणावर रुजली तर ती झाडाच्या मुळासारखी आत शिरते, आणि बाळ निघाल्यावर सुटत नाही. ओढली तर महापूर. सुदैवाने हे पुष्कळदा आधीच्या सोनोग्राफीत दिसते. मग शस्त्रक्रियेची तारीख ठरवून, रक्ताच्या पिशव्या आणून ठेवून, बाईची नाडी व दाब उत्तम असतानाच, जांघेतून नळी सावकाश घालून ठेवता येते. फुगा मूत्रपिंडांच्या खाली ठेवला की आतड्यांना व मूत्रपिंडांना धक्का लागत नाही. बाळ बाहेर आले की फुगवावयाचा आणि काम आटोपले की हळूहळू सोडावयाचा. काही मोठ्या रुग्णालयांतून हे हाताने केले जाते. येथे सुई शोधण्याची घाई नाही. उरते ते सोडण्याचे काम, आणि तेच यंत्राला येते. जिचे आधी सिझेरियन झाले आहे अशा प्रत्येक लेकीसुनेने पुढच्या खेपेस सोनोग्राफीच्या डॉक्टरांना 'वार व्रणावर तर नाही ना' एवढे विचारावे. याला खर्च नाही.

फुगा म्हटला की आपल्या शेजारच्या एका बाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर. त्यांचा फुगा रक्तवाहिनीत घालावयाचा नव्हे, गर्भाशयातच. विकतचा तयार फुगा परवडेना, तेव्हा त्यांनी साध्या रबरी नळीच्या टोकाला निरोध दोऱ्याने बांधला, तो गर्भाशयात ठेवला, आणि सलाईनच्या बाटलीतून पाणी सोडून फुगवला. आतून दाब बसला की उघड्या वाहिन्या मिटतात. त्यांनी ज्या २३ बायकांवर हा उपाय केला त्या सर्वांचे रक्त पंधरा मिनिटांच्या आत थांबले, असे त्यांनी २००३ साली लिहिले. पुढे हा उपाय देशोदेशी गेला. जागतिक आरोग्य संघटना आज तो मान्य करते, मात्र शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय हाताशी असेल तेथेच. कारण तेवढ्याने न थांबले तर पुढचे पाऊल टाकता आले पाहिजे. या फुग्याला यंत्र नाही, त्याच्यापाशी जागे राहणारे माणूस मात्र लागते.

त्या महागड्या पेटीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिचे मोजणे. मोटार आणि पिचकारी त्यानंतर. अंदाजाने ती काही करीत नाही. आणि बाळंतपणात आपण नेमके तेच करीत आलो, अंदाज. चादर भिजली, 'फार गेले हो' किंवा 'नेहमीइतकेच आहे'. डोळ्यांनी रक्त नेहमी कमीच दिसते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची परीक्षा घेतली. तिच्यासाठी बाळंतिणीच्या खाली घालावयाचे एक प्लास्टिकचे आवरण तयार केले होते. त्याला खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा, आपल्या दुधाच्या मापावर असतात तशा. खेड्यातल्या परिचारिकांनी ते वापरून १६२० बाळंतपणांतले रक्त मोजले, आणि गोळीने अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला हे २००६ साली सिद्ध झाले. त्याच तऱ्हेचे मापाचे आवरण पुढे आफ्रिकेतील चार देशांत, ८० रुग्णालयांतून, वापरून पाहिले. रेघेला रक्त टेकले की वाट न पाहता गर्भाशय चोळणे, औषधे, सलाईन आणि तपासणी हे सारे एकदमच सुरू करावयाचे. २०२३ साली निकाल आला. भारी रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. मोजले आणि मोजल्याबरोबर हात चालवला, एवढेच. संगणकाचा नियमही याहून निराळा नाही.

माझा वेळ संपत आला अशी चिठ्ठी अध्यक्षीणबाईंनी सरकवली आहे. तेव्हा एकच काम सांगते. गेल्या वर्षी आपण तालुक्याच्या रुग्णालयाला भिंतीवरचे घड्याळ दिले. यंदा कार्यकारिणीने मापाच्या अशा आवरणांचा विचार करावा, आणि त्याबरोबर रक्तदात्या भगिनींची रक्तगटांसह यादी करून ती प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावी. रात्री फोन केला तर कोण उठून येईल, हे त्या यादीत स्पष्ट असावे. घरच्यांना विचारून मगच नाव घालावे, नाहीतर फोन वाजत राहतो.

सभेत सातआठ आशाताई आणि दोन परिचारिका बसलेल्या दिसतात. मूठ नेमकी कोठे ठेवावयाची आणि जांघेतील नाडी कशी पाहावयाची हे त्यांना चहापानानंतर दाखवीन. मी लोड आणि चटई घेऊन आले आहे. बाकीच्यांनीही यावे, फक्त बांगड्या जरा वर सारून याव्यात.